पलीकडचे गाव

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पूजा आटोपून लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटून झाला आणि अंगणातला फटाक्यांचा धूर विरला, की आमची आजी एक काम न चुकता करी. घरातली माणसे आडवी झाली की ती नवी केरसुणी घेई, माजघरापासून ओटीपर्यंत घर झाडून काढी, केर जुन्या सुपात भरी आणि सूप वाजवीत वाजवीत तो गावाच्या कडेला नेऊन टाकी. अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची ही रीत. मी कंदील धरून तिच्या मागे जाई. सात-आठ वर्षांचा असताना एकदा मी तिला विचारले, "आजी, ही अलक्ष्मी आता कुठे जाणार गं?"

आजीने अंधारात मीना नदीच्या दिशेने हात केला. "जाईल पलीकडे."

"म्हणजे पलीकडे राहतात त्यांच्या घरी?"

आजी क्षणभर थबकली. मग म्हणाली, "चल गुमान. सणासुदीचे असले काही विचारू नये."

मी गुमान चाललो. पण तो प्रश्न काही गुमान बसला नाही. आज मी चाळिशी ओलांडली आहे, नारायणगावच्या पोरांना शिकवता शिकवता चार कादंबऱ्याही लिहून झाल्या आहेत, आणि तरीही दिवाळी आली की तो प्रश्न कंदील घेऊन माझ्या मागे मागे चालू लागतो. यंदा तो मी वाचकांपुढेच ठेवायचे ठरवले आहे. आपल्याला नको असलेले आपण पलीकडे टाकतो, ते पलीकडे म्हणजे नेमके कुठे?

अलक्ष्मीचे सोडा, ती कुणाला दिसत नाही. पण मांजर दिसते. आमच्या घरी एक बोका दुधाला फार सोकावला होता. वडिलांनी एके दिवशी तो पोत्यात घातला आणि आम्हा दोघा भावांना हुकूम केला, "नदीपलीकडे सोडून या." आम्ही पोते खांद्यावर घेऊन पूल ओलांडला, पलीकडच्या मळ्यात त्याची गाठ सोडली आणि मागे न पाहता पळत सुटलो. पुलाच्या मध्यावर आम्हाला समोरून दोन पोरे येताना दिसली. त्यांच्याही खांद्यावर पोते होते, आणि ते हलत होते! आम्ही एकमेकांकडे पाहिले, कुणी काही बोलले नाही. त्या संध्याकाळी आमच्या आळीत एक नवी, भुऱ्या रंगाची मांजर आली. बोका मात्र चौथ्या दिवशी परत आला, आणि मग दूध पिणारी दोन झाली.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा पोरे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण पुढे माझ्या तालुक्यावर जे गुदरले ते पाहिल्यावर त्या हसण्याला एक कडवट चव आली आहे.

आमचा मुलूख पाण्याने बदलला. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, कालवे आले, आणि जिथे बाजरी-मटकी होत होती तिथे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो डोलू लागले. घरांना स्लॅब पडले, पोरांना पायात बूट आले. कालव्याने आम्हाला पुष्कळ दिले, हे कबूल केलेच पाहिजे. पण ऊस म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष कुणी आत न शिरणारे, गार, दाट रान. ते आम्ही आमच्यासाठी लावले आणि बिबट्याने ते आपल्यासाठी लावले आहे असे समजून त्यात संसार थाटला. तिथेच माद्या वितात, तिथेच पिल्ले वाढतात. तोडणीच्या दिवसांत कोयता चालता चालता एकाएकी थांबतो आणि फडात पिल्ले सापडल्याची हाळी उठते. मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसे येतात, पिल्ले तपासतात आणि अंधार पडताना खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे, की ते विलक्षण आहे याची आठवण पाहुण्यांनी करून द्यावी लागते.

या शतकाच्या सुरुवातीला मात्र ते अंगवळणी पडलेले नव्हते. बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, सापडला की गाडीत घालून दूरच्या जंगलात सोडायचा, असा धडाका २००१ पासून सुरू झाला. मी त्या वेळी नुकता शाळेत लागलो होतो. पिंजऱ्याची गाडी गावातून गेली की आम्ही सुटकेचा श्वास टाकीत असू. गेला पलीकडे!

विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याचा हिशेब पुढे २०११ साली प्रसिद्ध केला. तो प्रत्येक गावाच्या चावडीवर लावावा असा आहे. ही मोहीम सुरू होण्याआधी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दूर सोडू लागल्यावर ते वर्षाला १७ च्या घरात गेले, आणि त्यांत जीव जाण्याचे प्रमाणही दुपटीने वाढले. पकडलेले जनावर आधीच बिथरलेले. त्याला परक्या मुलखात सोडले की ते भेदरते, आपल्या घराकडे वाट काढू पाहते, वाटेत माणसांत सापडते. आणि इकडे त्याची मोकळी झालेली जागा कुणी तरी नवखा, तरुण बिबट्या धरतो, ज्याला त्या गावाची रीत ठाऊक नसते. म्हणजे झाले काय, तर जुन्नरने आपले मांजर पोत्यात घालून पलीकडे सोडले आणि पलीकडच्यांनी त्यांचे आमच्याकडे. पुलाच्या मध्यावर दोन पोती एकमेकांसमोरून गेली, एवढेच.

त्याच संशोधकांनी आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात, जिथे जंगल असे नाहीच अशा शेतजमिनीत, आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे निघाले. जंगलातून वाट चुकून आलेले पाहुणे नव्हेत ते, तिथलेच रहिवासी! त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा होता कुत्र्यांचा. हे वाचले आणि मला आमच्या गावाबाहेरचा उकिरडा आठवला. आम्ही केर पलीकडे टाकतो, केरावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या पोसतो. आजीच्या सुपातल्या अलक्ष्मीचा पत्ता मला तिथे पहिल्यांदा लागला.

पण सत्य कळले म्हणजे दुःख हलके होते असे नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. मळ्यातल्या वस्तीवर राहणारी, हुशार, निबंध लिहिताना जीभ किंचित बाहेर काढणारी. एका रात्री त्यांच्या अंगणातले बांधलेले कुत्रे साखळीसकट गेले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बापाने तिला शाळेत पाठवायचे बंद केले. "ऊस तुटला की धाडतो, गुरुजी," तो म्हणाला. ऊस तुटायला चार महिने होते.

त्याच सुमारास शाळेत एक शहरी पाहुणे व्याख्यानाला आले. भला माणूस, अभ्यासू, बोलण्यात कळकळ. त्यांनी मुलांना सुंदर चित्रे दाखवली आणि समारोपाला म्हणाले, "मुलांनो, बिबट्या तुमचा शेजारी आहे. त्याच्यावर प्रेम करा." त्या मुलीचा बाप मागे भिंतीला टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "मग साहेब, एक तुमच्याकडे न्या की."

सारी सभा हसली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच्या अंगणात आपले पुण्य बांधणाऱ्यांना हेच उत्तर बरोबर, असे मला त्या दिवशी वाटले. ते तसे वाटणे किती दिवस टिकले, ते आता सांगतो.

आमच्या भागातला एक बिबट्या पुढे फार प्रसिद्धीला आला. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. संशोधकांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. वयस्क म्हणून त्याचे नाव ठेवले आजोबा. तो घाट उतरला, कोकणात शिरला, हमरस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडीत, माणसांच्या उशापायथ्याने, कुणालाही न दुखावता सुमारे महिन्याभरात मुंबईजवळच्या खाडीकाठच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासची ही वाट. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जाई, तेही असेच घाटमाथा सोडून खाडीच्या वाऱ्याकडे. डोंगर आणि दर्या या दोन दुनिया आहेत असे आपण भूगोलात शिकवतो. त्या मुक्या जनावराने दाखवून दिले, की त्या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. २०११ साली एका हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने आजोबा गेला.

त्याच्या पाठोपाठ मीही खाडीवर गेलो, अर्थात एसटीने. माझी थोरली बहीण ऐरोलीला असते. दाजींनी उभी हयात वाशीच्या बाजारात माथाडीचे काम केले. दोन वर्षांपूर्वी माघात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला फ्लेमिंगो दाखवतो." आपल्या जुन्या पुस्तकांत ज्याला रोहित म्हटले आहे तोच हा पक्षी. शेजारच्या कोळीवाड्यातले एक वयस्क नाखवा भाच्याच्या ओळखीचे होते. त्यांच्या होडीतून आम्ही पहाटे निघालो.

खाडी मी जन्मात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. भरतीचे पाणी चढत होते आणि दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत उभी होती. ही झाडे खाऱ्या चिखलात उभी राहतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांची श्वासमुळे उलटी वर येतात. पाट्यांवर लिहायच्या पेन्सिली हजारोंनी उभ्या रोवून ठेवाव्यात तशी ओहोटीला दिसतात. पिऊन टाकलेले मीठ पानांतून बाहेर टाकले जाते. नाखव्यांनी एक पान माझ्या हातात दिले, मी जीभ लावली, ते खारट होते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि कोंब फुटल्यावर मगच आईला सोडून चिखलात उभे पडते. या मुळ्यांच्या जाळीत मासळीची आणि कोलंबीची पिल्ले वाढतात, बिळांत चिंबोऱ्या राहतात, निवट्या चिखलावर उड्या मारतात. समुद्राची बालवाडीच म्हणा ना!

आणि मग वळणापुढे ते दिसले. उथळ पाण्यात, उन्हाची पहिली तिरीप अंगावर घेऊन, माना वाकवून उभे असलेले हजारो गुलाबी पक्षी. १९९४ च्या सुमारास शिवडीच्या चिखलात ते मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि अलीकडच्या गणत्यांत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. २०१५ साली ठाण्याच्या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरांचा भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यामागून ही खाडीही रामसरच्या यादीत, म्हणजे जगाने जपायच्या पाणथळींच्या यादीत, जाऊन बसली. मला हे सारे भाच्याने सांगितले. मी भारावून गेलो होतो. मी नाखव्यांना म्हणालो, "नाखवा, केवढे भाग्यवान तुम्ही! हे असे तुमच्या दारात! हे तुम्ही जिवापाड जपले पाहिजे."

नाखवा वल्हे मारीत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मास्तर, तुमी जुन्नरकडचे ना? तुमच्याकडे बिबळे लय हायेत म्हनतात. आमी टीवीत बघतो. टीवीत लय बेस दिसतात."

वाचकहो, त्या क्षणी मला खाडीत उडी मारावी असे वाटले. मी शब्द न् शब्द त्या व्याख्यात्याचा उच्चारला होता, आणि मागे भिंतीला टेकून उभा असलेला तो बाप इथे वल्हे मारीत होता.

मग मी बोलायचे थांबलो आणि ऐकू लागलो. नाखवा सांगत होते, की त्यांच्या लहानपणी पाग टाकला तर दोन वेळची मासळी घरापाशी मिळायची. आता दिवसभरात डिझेल सुटत नाही. पाण्याला शहराचा वास येतो. जाळ्यात बोय येते त्याहून प्लास्टिक जास्त येते. गाळ चढला, होडीच्या वाटा बुजत चालल्या. आणि गंमत पाहा, संशोधकांचे एक म्हणणे असे आहे, की शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ फोफावले आणि त्या शेवाळावरच हे पक्षी जगतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. म्हणजे लाखो घरांतून जी घाण पलीकडे म्हणून सोडून दिली जाते, तिने कोळ्याची मासळी गेली आणि पाहुण्यांचे पक्षी आले. शहराने आपली अलक्ष्मी नाखव्यांच्या दारात टाकली होती, आणि वर माझ्यासारखा कुणी तरी येऊन म्हणत होता, काय तुमचे भाग्य!

इथे एखादा वाचक म्हणेल, मग काय तिवरे तोडावीत? पक्षी हाकलावेत? बिबट्यांना गोळ्या घालाव्यात? नाही. ते उत्तर असते तर हा निबंध लिहायची गरजच नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. पाऊस अफाट होता, भरतीची वेळही होती. पण पाण्याने जिथे पसरायचे, जिथे विसावायचे, ती मिठी नदीच्या मुखाशी असलेली तिवरांची आणि चिखलाची जागा आधीच्या काळात भराव घालून आवळत नेली होती. दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, पलीकडची जमीन, असे शहराने मानले. त्या दिवशी ते पलीकडे घराघरांत माजघरापर्यंत आले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईच्या उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवने तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ती कायम केली. माझ्या मते ते योग्यच झाले. तिवर जगली तर नाखव्यांची उरलीसुरली मासळीही जगेल आणि माझ्या बहिणीचे घरही कोरडे राहील.

तेव्हा प्रश्न जपावे की न जपावे हा नव्हे. प्रश्न आहे जपण्याची किंमत कोण देतो हा. आणि इथे मला आपल्या साऱ्या चांगुलपणातली एक फट दिसते. आपण फक्त आपला केरच पलीकडे टाकतो असे नाही, आपले पुण्यही पलीकडेच करतो. मुंबईकराला बिबट्या जगायला हवा आहे, पण जुन्नरच्या उसात. जुन्नरकराला रोहित जगायला हवे आहेत, पण नाखव्यांच्या खाडीत. त्या पुण्याला आपल्या खिशातली एक दमडी लागत नाही. ज्याला दमडीही लागली नाही ते पुण्य नव्हे, ती नुसती आवड. आवड वाईट नसते. पण तिने पुण्याच्या आसनावर बसून दुसऱ्याला उपदेश करू नये.

हे लिहिताना माझा हात अडखळतो, तो एका कारणाने. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात, तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत मी वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नावापुढे "हजर" ऐकू आल्यावर मनात देवाचे आभार मानीत होतो. त्या आईबापांपुढे कोणते शास्त्र मांडायचे? दर १०० चौरस किलोमीटरचा कोणता आकडा सांगायचा? माझे मूल असते तर मीही बंदूकच मागितली असती, हे मी इथे लिहून ठेवतो. काही दुःखे अशी असतात, की त्यांच्यापुढे विचाराने चपला काढून बाहेर थांबावे.

पण विचार बाहेर थांबला तरी त्याने निघून जाऊ नये. कारण दुसऱ्या दिवशी मागणी उठते ती जुनीच: सारे पकडा आणि दूर न्या. आणि मला पुन्हा तो पूल आणि समोरून येणारे ते हलते पोते दिसते. दूर म्हणजे कुणाच्या दारात? पलीकडचे प्रत्येक गाव हे कुणाचे तरी अलीकडचे गाव असते. तिथेही कुणी मुलगी जीभ किंचित बाहेर काढून निबंध लिहीत असते.

मग करावे तरी काय? मला मोठे उत्तर ठाऊक नाही, लहान उत्तरे काही पाहिली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे समुद्रगरुडांची पाहणी करीत फिरत होती. त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी लोक काढून नेत. या मंडळींनी गावाला नुसता उपदेश केला नाही. गावातल्याच माणसांना हाताशी धरून घरटी राखली, आणि पुढे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले तेव्हा ते उतरले गावातल्याच घरांत, जेवले गावातल्याच बायांच्या हातचे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटातल्या बाया स्वतः होडी वल्हवीत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. या ठिकाणी सारे गोमटे झाले आहे असे मी म्हणत नाही. पण जो किंमत देतो त्याच्याच ओंजळीत पहिला वाटा पडला पाहिजे, एवढी साधी नीती तिथे पाळली गेली.

आणि याहून जुने उदाहरण तर आमच्या तालुक्याच्या डोंगरातच आहे. तुम्ही आम्ही वसुबारसेला गाय-वासरू पुजतो, त्याच दिवशी जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळ्यांत वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ म्हणून त्याच्याकडे मागणे मागतात. ज्याची गाय वाघ नेऊ शकतो त्याने वाघापुढे ठेवलेला तो नैवेद्य आहे. तो नमस्कार मला खरा वाटतो. त्यात वाघाला पलीकडे धाडणे नाही आणि वाघाचे फुकटचे कौतुकही नाही. तू इथला, मीही इथला, आपापली हद्द सांभाळू, एवढेच त्यात आहे.

संशोधनाचे मोलही मला यातच दिसते. संशोधक आपल्याला प्रेम करा असे सांगत नाहीत. तो प्रांत आम्हा लेखकांचा, आणि आम्ही तो पुष्कळदा फार स्वस्तात विकतो. संशोधक एवढेच दाखवतात, की इथे टाकलेले तिथे निघते. आमच्या मीनेचे पाणी पारगावाजवळ घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात पसरते. तिथे भिगवणच्या पाणथळीत हेच गुलाबी रोहित येऊन उभे राहतात. म्हणजे नारायणगावच्या पुलावरून मी जे खाली टाकतो ते पाहायला मला ऐरोलीला जायची गरज नव्हती. नदीच्या धड्यात मी वर्षानुवर्षे फक्त संगमांची नावे पाठ करून घेत होतो, आता मुलांना विचारतो, "हे पाणी पुढे कुणाच्या दारात जाईल?"

त्या मुलीचे काय झाले, हे सांगायला हवे. व्याख्याते परत गेल्यावर मी तिच्या बापाकडे गेलो. आम्ही पाच-सहा जणांनी ठरवले, की वस्तीवरच्या मुलांना सकाळी आणि दिवेलागणीच्या आत कुणी ना कुणी मोठ्याने सोबत करायची, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत. वाटेच्या दोन्ही कडांचा चार-चार हात ऊस त्या शेतकऱ्यांनी आधीच काढून घेतला. तो त्यांचा तोटा होता आणि त्यांनी तो बोलून दाखवला नाही. मळ्याजवळचा उकिरडा आम्ही हलवला. म्हणजे प्रथम तो आम्ही ओढ्यापलीकडे टाकणार होतो, तेवढ्यात कुणी तरी म्हणाले, "गुरुजी, तिकडे पण वस्ती हाय की." मग खड्डे खणून तो जागच्या जागीच पुरला. बिबट्या गेला नाही; तो अजूनही रात्री कधी कधी बांधावरून जातो, त्याचे ठसे दिसतात. मुलगी मात्र नवव्या दिवशी शाळेत आली. आमच्या सोबतीचा क्रम अजून चालू आहे. माझी पाळी मंगळवारची.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्या पत्नीने घर झाडले, जुने सूप वाजवले आणि आमची धाकटी माझ्या मोबाइलचा उजेड धरून तिच्या मागे चालली. केर आम्ही परसातल्या आमच्याच खड्ड्यात टाकला. धाकटीने विचारायचे तेच विचारले, "बाबा, अलक्ष्मी गेली कुठे?"

"इथेच आहे," मी म्हणालो. "आपल्या परसात. तिचे खत होते का पाहू."

तिला ते फारसे पटले नसावे. इतक्यात नदीच्या त्या तीरावरून, अंधारातून, सूप वाजल्याचा आवाज आला. कुणी तरी आजी आपल्या घरातली अलक्ष्मी घालवीत होती, आणि तिचा हात बहुधा आमच्या दिशेला झाला असावा.